गोव्यात बसून ऐतिहासिक सिनेमा लिहायचाय आणि डायरेक्टही करायचाय? मग हे वाचा

ऐतिहासिक म्हटलं की आपल्या पोरांच्या डोक्यात आधी पाचशे घोडे येतात, मग पेटलेला किल्ला, मग स्लो मोशनमध्ये उडणारी तलवार, आणि मग त्या पाचशे घोड्यांसाठी प्रोड्युसर शोधण्यात चार-पाच वर्षं निघून जातात, कोणी भेटत नाही, शेवटी पोरगं लग्नाचे व्हिडिओ करायला लागतं. लग्नाचे व्हिडिओ वाईट नाहीत, त्यावर घरं चालतात. पण ज्याला खरंच या लायनीत यायचंय त्याला मी एकच सांगतो, पहिला विषय असा घ्या की जो एका खोलीत, तीन माणसांत, एका रात्रीत घडेल. बाहेर इतिहास गडगडत असू दे, तो आवाजात ऐकू येऊ दे, आवाज घोड्यांपेक्षा लय स्वस्त पडतो. लेखक आणि दिग्दर्शक एकच माणूस असला की काय दाखवायचं नाही हे कागदावरच ठरवता येतं, नवख्या माणसाकडे याहून मोठं भांडवल नसतं.

विषय: राजा नको, दुभाषी शोधा

गोव्यात विषयांचा तुटवडा नाही. 1583 चा कुंकळ्ळीचा उठाव, 1683 ची संभाजी महाराजांची स्वारी, 1787 चं पिंटोंचं बंड, 1852 चं दीपाजी राण्यांचं बंड, 1946 ला मडगावात लोहियांची सभा, आणि 1961 ची मुक्ती तर आहेच. प्रॉब्लेम असा की सगळे या घटनांच्या मधोमध उभ्या असलेल्या मोठ्या माणसावर लिहायला जातात, आणि मोठ्या माणसावर लिहिलं की पहिल्या पानापासून बजेट आणि वाद दोन्ही सुरू. शिवाय शेवट सगळ्यांना पाठ.

1683 चंच घ्या. नोव्हेंबरात पोर्तुगीजांचा फोंड्याच्या किल्ल्याचा वेढा फसला. 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठे ओहोटी साधून जुवें बेटावर, म्हणजे सांत इस्तेववर उतरले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्वोर तो परत घ्यायला गेला आणि मार खाऊन आला. जुनें गोवें तिथून हाकेच्या अंतरावर, शहरात नुसती पळापळ. तेव्हा हा विजरई बॉम जेझूस चर्चमध्ये गेला आणि सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी स्वतःचा अधिकारदंड ठेवून आला, म्हणजे आता राज्य तूच सांभाळ बाबा. पुढे मोगल शहजादा शाहआलम फौज घेऊन कोकणात उतरतोय म्हणून महाराजांना मागे फिरावं लागलं.

आता यात सिनेमा कुठाय? बहुतेक जण जुव्याच्या लढाईकडे धावतील. मी त्या चर्चमधल्या खोलीत जाईन. विजरई, एक जेझुइट पाद्री आणि सरकारी दुभाषी. पोर्तुगीज दरबारात मराठ्यांशी बोलणी करायला हिंदू दुभाषी असायचे हे पक्कं आहे, त्या रात्री त्या खोलीत एक जण होता ही आपली कल्पना. हा माणूस पगार खातो फिरंग्याचा आणि याचं कुलदैवत खाडीपलीकडे अंत्रूजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, कारण सोळाव्या शतकात देवळं मोडली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, आणि 1683 मध्ये तो मुलूख मराठ्यांकडे. म्हणजे चाकरी या काठावर, देव त्या काठावर, आणि मधे ओहोटी. याहून जास्त ड्रामा पाचशे घोडे आणून पण मिळणार नाही.

विषय निवडताना स्वतःला विचारा की यात कोण अडकलाय आणि त्याच्याकडे वेळ किती आहे. उत्तर एका वाक्यात आलं नाही तर विषय अजून पिकलेला नाही. मुक्तिलढ्यातही असेच विषय पडलेत. 1955 ते 1961 वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीजवळच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, दोन माणसं आणि एक ट्रान्समीटर, बस. फक्त जवळच्या काळातल्या खऱ्या माणसांवर लिहायचं तर कुटुंबाशी आधी बोला आणि लेखी संमती घ्या. चहा पिताना मिळालेली संमती रिलीजच्या वेळी कोणाला आठवत नाही.

कागद: कुठे जायचं, काय शोधायचं

आमच्याकडे पणजीत बसून जे मिळतं ते मुंबईवाल्यांना विमानाने येऊन शोधावं लागतं, तरी आम्हीच जात नाही. गोवा पुराभिलेखाची सुरुवात 1595 ची, दिओगो द कोउतो या इतिहासकाराने केलेली. लिस्बनची जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर यायची-जायची, तो सगळा पत्रव्यवहार वर्षावार बांधून ठेवलाय. आणि यातच एक फुकटची नाट्यमय गोष्ट आहे बघा, विजरईने लिस्बनला प्रश्न विचारला तर उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष जाणार, म्हणजे त्या रात्री त्याला विचारायला कोणी नाही. पटकथेत 'राजाला पत्र पाठवा, उत्तर येईल' असा सीन लिहिलात तर तिथेच पकडले जाल.

पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, पर्वरीचं झेवियर सेंटर, ही दोन ठिकाणं सवयीची करून घ्या. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांच्या कागदांवर आयुष्य घातलं, त्यांचं काम मराठीत उपलब्ध आहे, तिथून सुरुवात केली तर निम्मी पायपीट वाचते. नव्या काबिजादीच्या, म्हणजे पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूच्या कागदांत मोडी भेटते. मोडीची अक्षरं लवकर येतात, वाचनाचा वेग मात्र सावकाश येतो. पोर्तुगीज शिकायची सोय पणजीत आहेच. दोन्ही येत नसेल तर जाणकाराला पैसे देऊन वाचून घ्या, फुकटात मदत मागत फिरू नका, त्यांचंही पोट आहे.

तारखांचं एक लफडं आधीच सांगून ठेवतो. पोर्तुगीज 1582 पासून ग्रेगोरियन कॅलेंडरवर, गोव्यात ते पुढच्या वर्षी आलं. इंग्रज मात्र 1752 पर्यंत जुन्याच कॅलेंडरवर अडून बसलेले, म्हणजे कारवारच्या इंग्रज वखारीचं पत्र सतराव्या शतकात दहा दिवस मागे. आणि मराठी कागद शक आणि तिथीवर. तिन्ही एकत्र वाचलेत आणि हे ध्यानात ठेवलं नाही तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये बातमी घटनेच्या आधी पोचेल.

आणि साक्षीदार किती खरा हेही बघा. निकोलाव मनुची हा इटालियन माणूस 1683 मध्ये खरोखर गोव्यात होता, विजरईच्या वतीने मराठ्यांकडे बोलणी करायलाही गेला, त्यामुळे त्याचं लिखाण सोनं आहे, पण स्वतःचा भाव वाढवून सांगायची त्याला भारी हौस. अशा माणसाकडून वातावरण घ्यावं, आकडे घेऊ नयेत.

वाचता वाचता एक फाइल बनवत जा. प्रत्येक सीनसमोर तीन रंगांतला एक रंग. हिरवा म्हणजे कागद आहे, कुठला ते लिहा. पिवळा म्हणजे दंतकथा किंवा गावातली परंपरा. लाल म्हणजे माझी कल्पना. हे कंटाळवाणं काम आहे आणि कोणी करत नाही. पण उद्या सेन्सॉरने विचारलं, कोणाच्या वंशजांनी नोटीस पाठवली, किंवा कोणी धार्मिक भावना दुखावल्या म्हणून भारतीय न्याय संहितेचं 299 कलम काढलं, तर तुमच्या वकिलाला हीच फाइल लागणार. गोव्यात धर्मांतर आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, हे विषय नाजूक आहेत, दोन्ही समाज इथेच शेजारी राहतात, सणाला एकमेकांकडे जातात. लिहा जरूर, पण कागद धरून लिहा, आणि खलनायक माणूस असू दे, अख्खी जमात नको.

संवाद

नवख्यांचे ऐतिहासिक संवाद दोन रोगांनी मरतात. पहिला, पात्रं एकमेकांना इतिहासाचा धडा वाचून दाखवतात. असं:

विजरई: आज संभाजीने जुवें जिंकलं आहे आणि आपलं साम्राज्य संकटात आहे!

अरे, समोरच्याला ते माहीत आहे ना, म्हणून तर तो इथे घाम पुसत उभा आहे. हाच सीन असा करून बघा:

विजरई: आज ओहोटी कधी?
दुभाषी: कालच्यापेक्षा दोन घटका उशिरा, सरकार.
विजरई: हे काल कोणीतरी सांगायला हवं होतं.
दुभाषी: काल कोणी विचारलं नाही.

भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे दोन घटका, खाडीकाठच्या माणसाला हे तोंडपाठ असतं. चार ओळींत लढाई हरली, का हरली, आज रात्री पुन्हा धोका कधी आणि या दोघांत कोण कोणावर चिडलाय, सगळं आलं, आणि एकही घोडा लागला नाही.

दुसरा रोग म्हणजे फिरंगी दिसला की 'टुमी काय करटे' टाइप बोलणं. प्लीज नको. त्याला हसून झालं की प्रेक्षक त्याला घाबरत नाही. पोर्तुगीज आपापसात बोलतात तेव्हा साधं, घट्ट मराठी द्या, आणि स्थानिकांशी बोलतात तेव्हा मधे दुभाषी ठेवा, मग दुभाषाने काय गाळलं आणि काय वाढवलं यावर आख्खा सीन उभा राहतो. जुनी भाषा कानावर पडावी म्हणून फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मोठ्याने वाचा, ते 1616 ला रायतूरला म्हणजे राचोलला छापलं, त्या काळची मराठी इथे कशी चालायची ते कळतं. पण ती जशीच्या तशी संवादात ओतू नका, वाक्याची चाल तेवढी उचला. आणि कृपा करून प्रत्येक वाक्यात 'आम्हांस', 'तुम्हांस' नको, डोकं दुखतं.

डोळ्यांनी केलेल्या चुका

पटकथेतच लिहून ठेवा फ्रेममध्ये काय असणार नाही, नाहीतर आर्ट डिपार्टमेंट आपल्या मनाने सजवतं. गोव्यात तर लोकेशन तयार मिळतं असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसतात.

बॉम जेझूसचा तो लालसर चिऱ्याचा उघडा चेहरा सगळ्या पोस्टकार्डांवर आहे. पण 1950 च्या दशकात त्याचा गिलावा काढला म्हणून तो तसा दिसतो, 1683 मध्ये ते गिलावा केलेलं पांढरं चर्च होतं. से कॅथेड्रलला आज एकच मनोरा, दुसरा 1776 ला पडला, म्हणजे त्याआधीच्या गोष्टीत दोन पाहिजेत. सेंट ऑगस्टीनचा तो उभा अवशेष तेव्हा अवशेष नव्हता, धडधाकट चर्च होतं. फोंताइन्यशच्या गल्ल्या सुंदर आहेत, पण पणजी राजधानी झाली 1843 ला, सतराव्या शतकासाठी तो रस्ता चालणार नाही.

छपरावर मंगळुरी कौलं दिसली की मी टीव्ही बंद करतो. बासेल मिशनची मंगळूरची कौलाची फॅक्टरी 1865 ची, त्याआधी आपले अर्धगोल नळे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. 1510 च्या, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेण्याच्या, आधीची गोष्ट असेल तर जेवणात मिरची नाही, काजूचं झाड नाही, बटाटा नाही. झेंड्याची चूक तर सगळ्यात कॉमन. हिरवा-लाल झेंडा 1910 च्या क्रांतीनंतरचा, म्हणजे 1895 च्या राण्यांच्या बंडात तो फडकला तर जाणकार हसणार, तिथे निळा-पांढरा राजेशाहीचा हवा. आणि प्रत्येक शतकातल्या पोर्तुगीजाला तेच लोखंडी शिरस्त्राण घालू नका, 1683 चा विजरई लांब कोट आणि विग घालणारा माणूस आहे, गोव्याच्या उकाड्यात. त्या विगखालचा घाम हा क्लोजअप आहे, लिहून ठेवा.

ड्राफ्ट

आधी दोन ओळींत गोष्ट, मग एक पान, मग दहा-बारा पानांची ट्रीटमेंट (संवादांशिवाय सविस्तर गोष्ट), मग सीनची यादी, मग पटकथा. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, त्यामुळे 100 ते 120 पानांच्या पुढे गेलात तर कापा. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका, साध्या डॉक्युमेंटमध्ये युनिकोड देवनागरी टाइप करा. ड्राफ्ट झाल्यावर दिग्दर्शकाची टोपी घाला आणि प्रत्येक सीनला विचारा, हा दिवसाचाच का, हा बाहेरचाच का, यात सातवा माणूस कशाला. माझ्या अनुभवात तिसऱ्या ड्राफ्टपर्यंत निम्म्या लोकेशन्स आपोआप गळतात आणि गोष्ट सुधारते.

आधी रंगमंच

ही पायरी मुंबई-पुण्याच्या पोरांना नशिबात नाही, आपल्याला आहे. गोव्यात गावोगाव देवळाच्या उत्सवात मराठी नाटक होतं, पावणी, म्हणजे देवळातला लिलाव, वगैरे आटपून रात्री उशिरा पडदा उघडतो, समोर आजीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे, आणि ऐतिहासिक नाटक पाहण्यात त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या. तुमचा एका खोलीचा विषय तिथे एकांकिका म्हणून करा. प्रेक्षक कुठे चुळबुळतो, कुठे चिडीचूप होतो ते विंगेतून बघा, याच्यापुढे कुठलाही स्क्रिप्ट डॉक्टर फिका. मग कला अकादमीची नाट्यस्पर्धा. पेडण्याकडे दशावतारी बघा, दोन दिवे आणि एका बाकावर ते युद्ध, दरबार, जंगल सगळं कसं उभं करतात ते शिकण्यासारखं आहे. फक्त एक, स्टेजचा आवाज आणि हातवारे कॅमेऱ्यासमोर आणू नका, नटांना आधीच सांगा.

नाटक जमलं की त्यातला एकच सीन घेऊन पंधरा-वीस मिनिटांची शॉर्टफिल्म. ट्रेलर बनवू नका, पूर्ण सीन बनवा. प्रोड्युसरला तुम्ही नटाकडून काम काढून घेऊ शकता की नाही एवढंच बघायचं असतं, ड्रोन शॉट त्याने खूप पाहिलेत.

सेटवर घुसा

गोव्यात वर्षभर बाहेरची युनिट्स येतात, त्यांना लोकल असिस्टंट लागतात. लाइन प्रोड्युसरकडे, म्हणजे शूटिंगची रोजची व्यवस्था बघणाऱ्याकडे, काम मागा, पहिलं काम पाण्याच्या बाटल्यांचं मिळेल, घ्या. ऐतिहासिक मालिका-सिनेमांचे सेट गोरेगाव फिल्मसिटी आणि कर्जतकडे लागतात, तिथे एक सीझन काढता आला तर कंटिन्युइटीचं काम मागून घ्या, पगडीची गाठ कुठल्या बाजूला होती ते लक्षात ठेवता ठेवता पिरियड सिनेमा कसा चालतो ते कळतं. शिकायचंच असेल तर पुण्याची एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पण कोर्स नाही झाला म्हणून अडून बसू नका. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी स्वतःच लिहून स्वतःच दिग्दर्शन करत अख्खा ऐतिहासिक मराठी सिनेमा उभा केला, 1948 च्या दंगलीत स्टुडिओ जळाला तरी पुन्हा उभे राहिले, फाळके पुरस्कार मिळाला तो 1991 चा. यावरून या धंद्याचा वेग काय तो समजा.

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या दारात आहे. नुसते सिनेमे बघून घरी येऊ नका, त्याच दिवसांत एनएफडीसी या केंद्र सरकारच्या चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो, त्यांची स्क्रीनरायटर्स लॅबही आहे, तिच्या अर्जाची मुदत महोत्सवाच्या खूप आधीच संपलेली असते, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीपासून साइटवर नजर ठेवा. तिथे कोणी भेटलं तर दोन ओळींत गोष्ट सांगता आली पाहिजे, 'आमच्या गोव्याचा गौरवशाली इतिहास' असं सुरू केलंत की समोरचा फोन काढतो.

परवानग्या, झटपट

शूटिंगची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून. केंद्राच्या संरक्षित वास्तूंना, जुन्या गोव्यातली मुख्य चर्चेस आणि आग्वादचा भाग त्यात येतो, पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी, आणि ती वेळ खाते. चर्चच्या आत किंवा देवळाच्या गर्भागारात फीचर फिल्म शूट करायला मिळेल असं धरून लिहूच नका, खोली बांधा, चिऱ्याची जुनी भिंत कुठेही मिळते. घोडा, बैल काहीही फ्रेममध्ये असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी, नाहीतर सेन्सॉरचं सर्टिफिकेट अडकतं. सासष्टीतलं कोणाचं जुनं घर घेणार असाल तर प्रत्येक खुर्चीचा फोटो काढून करारनाम्याला जोडा. जून ते सप्टेंबर बाहेरचं शूटिंग विसरा, आणि खाडीचा सीन असेल तर कॉलशीट, म्हणजे कोणी किती वाजता यायचं त्याचा कागद, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढा.

पैसा आणि कागदपत्रं

स्क्रिप्ट कोणाला पाठवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. इतिहासातल्या घटनेवर कोणाचाही कॉपीराइट नसतो, पण कादंबरीकाराने कल्पनेने रचलेल्या प्रसंगावर असतो, आणि तो लेखक गेल्यानंतरही 60 वर्षं राहतो. म्हणजे कागदावरून लिहिलंत तर मोकळे, कादंबरीवरून लिहिलंत तर हक्क विकत घ्या. ही हिरव्या-लाल रंगांची फाइल इथेही कामाला येते, कारण तुमचा सीन कुठून आला हे ती दाखवते.

करारात पैसे टप्प्यांत मागा: सही करताना काही, पहिल्या ड्राफ्टला काही, फायनलला काही, शूटिंगच्या पहिल्या दिवशी उरलेले. 'रिलीजनंतर देऊ' हे वाक्य आलं की समजून जा. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराची लेखकाची रॉयल्टी करारात लिहून घेऊनही प्रोड्युसरला हडप करता येत नाही, हे त्याला माहीत असतं, तुम्हालाही माहीत पाहिजे. कथा, पटकथा, संवाद ही तीन क्रेडिट्स वेगळी असतात, तिन्ही तुमची असतील तर तिन्ही लिहून घ्या. आणि दिग्दर्शन तुम्हीच करणार ही अट पटकथेच्या करारातच घाला, वेगळ्या कागदावर नको. स्क्रिप्ट आवडली की पहिली सूचना हीच येते की दिग्दर्शक जरा अनुभवी घेऊ या, तुम्ही असोसिएट रहा. तेव्हा शॉर्टफिल्म पुढे ठेवायची, उत्सवातल्या नाटकाचा व्हिडिओ ठेवायचा, आणि एका खोलीचं तीन आठवड्यांचं शेड्यूल टेबलावर ठेवायचं. एवढ्या कमी पैशात कोण डायरेक्ट करतोय याची भीती प्रोड्युसरला कमी वाटते. तरी नाही म्हणाला तर स्क्रिप्ट परत घेऊन या.